काका, जेवता कुठे?

फिजिओथेरपी शिकताना न्यूरोच्या, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांच्या विभागातल्या पोस्टिंगला माझ्याकडे एक काका यायचे. साठीचे, शेतकरी. उजव्या बाजूला लकवा मारलेला, वाचा मात्र शाबूत. मी केस पेपरवर नेटकी ध्येयं लिहिली होती: खांद्याची रेंज (हालचालीचा आवाका) वाढवणे, मुठीची ताकद वाढवणे, आधाराशिवाय चालणे. परीक्षेत लिहितो तशी. काका हाताच्या व्यायामासाठी रोज शंकू एकावर एक रचायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष उडालं. मुलगा तक्रार करायचा, ‘बाबा घरी काहीच करत नाहीत.’ मीही काकांवरच चिडले.

एके दिवशी आमच्या सीनिअर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि विचारलं, ‘काका, जेवता कुठे?’

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘आतल्या खोलीत. बायको भरवती. डाव्या हातानं चारचौघांत कसं जेवायचं, ताई?’

तीन आठवडे मी त्यांचा हात मोजत होते आणि हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी पेपरवर नवीन ओळ आली, काकांच्याच शब्दांत: ‘उजव्या हातानं भाकरी मोडून खायची.’ दुसऱ्या दिवशी ते डब्यात भाकरी घेऊन आले.

भाकरी मोडायला काय काय लागतं ते आम्ही दोघांनी बसून पाहिलं. अंगठा आणि दोन बोटांची पकड. भाकरी ताटात दाबून धरायला हाताची कड. घास तोंडाशी न्यायला कोपर वाकणं, तळवा स्वतःकडे वळणं. मांडी घालून बसल्यावर तोल. यातलं बरंच शंकूंच्या व्यायामातही होतं, पण शंकू रचून आपण कुठे पोचणार हे काकांना दिसत नव्हतं. शिवाय लकव्यानंतर जे काम परत यायला हवं, त्याच कामाचा पुन्हा पुन्हा सराव केला तर मेंदू ते चांगलं शिकतो, हे आपण पुस्तकात वाचलेलंच असतं.

तुम्ही नुकतेच इंटर्नशिपला लागला असाल तर एक सांगते. ‘तुम्हाला उपचारातून काय साध्य करायचंय?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘तुम्हीच बघा मॅडम, तुम्हाला जास्त कळतं.’ तो त्यांनी दिलेला मान असतो. त्याचा अर्थ त्यांना काहीच नको असा नसतो. त्यापेक्षा दिवस विचारा. सकाळी उठल्यापासून सांगा, कुठे अडतं? खांदा आखडलेल्या मावशी ‘हात वर जात नाही’ एवढंच म्हणतात. दिवस विचारला की कळतं, वेणी सून घालून देते आणि ते त्यांना आवडत नाही.

याला एक साधं साधनही आहे, 1995 मध्ये मांडलेलं पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल. पेशंट स्वतः अडणारी तीन ते पाच कामं सांगतो आणि प्रत्येकाला 0 ते 10 गुण देतो. 0 म्हणजे अजिबात जमत नाही, 10 म्हणजे पूर्वीसारखं जमतं. सरासरी दोनेक गुणांनी वाढली तर तो खरा फरक धरतात. वयस्कर माणसं गुणांत अडखळली तर आधी ‘रुपयात किती आणे जमतं?’ विचारा. ‘आठ आणे फरक आहे’ हे ती आपणहूनच म्हणत असतात. नोंद मात्र दहातच करा.

नातेवाइकांचं ऐका, पण पेशंटच्या आधी नको. गुडघा बदललेल्या आजींची मुलगी म्हणते, ‘चालायला लागली की झालं.’ आजींना देवापुढे बसायचं असतं. खुर्चीवर बसायला गुडघा साधारण 90 अंश वाकला तरी भागतं. जमिनीवर मांडी घालायला खूप जास्त लागतं, आणि सर्जन कित्येकदा ते करूच नका म्हणतात. अशा वेळी खोटी आशा दाखवू नका आणि ‘विसरा आता’ असंही म्हणू नका. पूजेतलं नेमकं काय हवंय ते विचारा. आजींना स्वतः फुलं वाहायची होती. मुलीनं देव उंच टेबलावर मांडले, आजी खुर्चीवर बसल्या.

ओपीडीत रांग लागलेली असताना एवढा वेळ कुठून आणायचा? मला पहिल्या भेटीत पाचेक मिनिटं पुरतात, आणि पुढे व्यायामासाठी मागे लागण्यातला वेळ वाचतो. पेशंटचं वाक्य व्यायामाच्या कार्डावर वरच मराठीत लिहा. दोन आठवड्यांनी तेच वाचून दाखवा आणि विचारा, हेच हवंय की बदलायचं?

काकांनी बदललं. दीड महिना झाला तरी भाकरी मोडण्याइतका जोर बोटांत आला नव्हता. मी अवघडून विषय काढला, तर तेच म्हणाले, ‘मोडून तिनं द्यावी. खाईन मी.’ पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी त्यांनी डबा उघडला. आमटीत कुस्करलेली भाकरी. उजव्या हातानं सात घास, त्यातले दोन शर्टावर सांडले. मुलगा रुमाल घेऊन पुढे झाला. काकांनी डाव्या हातानं त्याला थांबवलं आणि आठवा घास घेतला.