जुन्या वळणाचे गॅरेज-वर्कशॉप बांधताय? नाशकात या चुका टाळा

बंगल्याच्या आवारात एका बाजूला सुटे गॅरेज, वर मंगलोरी कौले, पुढे दोन झडपांचा लाकडी दरवाजा, आत जुनी पद्मिनी मोटार आणि भिंतीलगत भक्कम वर्कबेंच. गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगावकडे ज्यांचा मोकळा प्लॉट आहे, त्यांतल्या कित्येकांच्या मनात हे चित्र असते. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचा फोटो मिस्त्रीला दाखवला जातो आणि फोटोत दिसते तेवढे बांधून होते. पण त्या बंगल्यांचे उंच जोते, छपराचा उभा उतार, भिंतीबाहेर दोन फूट आलेली वळचण ही सगळी पावसासाठी केलेली योजना होती. खर्च वाचवायला नेमकी तिथेच कात्री लागते आणि मग दर पावसाळ्यात दुरुस्ती निघते.

पाया: "एवढ्याशा खोलीला काय करायचाय?"

सर्वांत महागडी चूक ही. नाशकात प्लॉटगणिक जमीन बदलते. कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, तर कुठे बरेच खाली गेले तरी काळी मातीच. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. घराचा पाया खोल नेणारी माणसेही गॅरेजला दीड फुटावर थांबतात. खरे तर हलक्या बांधकामालाच काळ्या मातीचा त्रास जास्त, कारण तिचा फुगवटा दाबून धरायला वरून पुरेसे वजन नसते. पाया कठीण मुरमापर्यंत न्याच. मुरूम फार खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला जमीन दाखवा आणि कॉलम, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) यांचा हिशोब त्यांच्याकडून करून घ्या. त्यांची फी नंतरच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

दुसरी चूक लगेच पुढच्या आठवड्यात होते. पायातून निघालेली काळी माती समोरच पडलेली असते, ती जोत्यात परत ढकलली जाते. वरून कोबा झाला की कुणाला दिसत नाही. दिसते ते वर्षभराने, फरशी मधोमध उचलल्यावर. जोत्यात बाहेरून आणलेला मुरूमच भरा, सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमसाने ठोकून. त्यावर दगडी सोलिंग, ओल अडवायला जाड प्लास्टिक आणि मग किमान 4 इंच जाडीचा एम 20 (ताकदीचा दर्जा) काँक्रीटचा कोबा. दर 8 ते 10 फुटांवर कोब्यात सांधा काढा, नाहीतर तो आपला सांधा स्वतःच, वाकडातिकडा काढतो. दरवाजाच्या बाजूला 100 ला 1 असा उतार हवा. हल्ली बहुतेक ठिकाणी पीपीसी सिमेंट (राख मिसळलेले, सावकाश ताकद धरणारे) वापरतात. म्हणून कोब्यावर मातीचे वाफे करून किमान 10 दिवस पाणी ठेवा. तीन दिवसांत गाडी आत घ्यायची घाई करू नका.

भिंतीला आधीच चीर गेली असेल तर प्लास्टर मारून झाकू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि रुंदीही मोजून ठेवा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर मे महिन्यात रुंदावत असेल आणि ऑगस्टमध्ये मिटत असेल, तर माती हलते आहे हे नक्की. अशा वेळी आधी पाणी आवरा: भोवती तीन फुटांचा पक्का फरसबंद पट्टा करा, पन्हळीचे पाणी पाइपने लांब सोडा, भिंतीलगत लावलेली झाडे हलवा. माती वर्षभर एकसारखी राहू लागली की चीर भरण्यात अर्थ आहे.

कौले गळतात, दोष उताराचा

मंगलोरी कौलांना 30 अंशांच्या आसपास उतार हवा, म्हणजे फुटाला सात इंच चढ. "छप्पर फार उंच दिसतंय" म्हणून तो चार इंचांवर आणला की वाऱ्याबरोबरचा पाऊस कौलाच्या जोडातून मागे चढतो. मग वरून डांबर, शीट, केमिकल यांचे थर सुरू होतात. ते काही काळ तग धरतात. कैचीच, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडाच, पुन्हा उभी करणे हा खरा इलाज. तो जमत नसेल तर कौलांखाली पत्रा टाकून पाणी पन्हळीपर्यंत न्या.

जुनी कौले घेताना एक गोष्ट जरूर पाहा. प्रत्येक कौलावर कारखान्याचे नाव उठावात छापलेले असते. दोन वेगळ्या कारखान्यांची कौले लांबून सारखी वाटतात, पण त्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. विकत घेण्याआधी चार कौले जमिनीवर जुळवून बघा आणि रिपांमधले (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधले) अंतर त्याच कौलांवरून ठरवा, मिस्त्रीच्या आठवणीवरून नाही. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले लागतात आणि भिजल्यावर त्यांचे वजन वाढते, हे कैचीच्या हिशोबात धरा. आपल्याकडे गारपीट नवी नाही, म्हणून शंभर-एक कौले जादा घेऊन मागे रचून ठेवा. पुढे त्याच छापाची मिळतीलच असे नाही.

वाड्याचे सागवान आणि दरवाजा

जुन्या नाशकातले वाडे उतरतात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, दारे विकायला येतात. असे लाकूड घराघरांत जपले जावे असे मला मनापासून वाटते. मात्र सागवान म्हटले की वाळवी लागत नाही, हा समज अर्धा खरा आहे. गाभ्याचा गडद भाग टिकतो. कडेचा फिकट पट्टा वाळवी खाते. तो तासून टाका. तुळई करवतीखाली देण्याआधी त्यातले जुने खिळे चुंबक फिरवून शोधून काढा. आणि जोते भरताना वाळवीनाशक फवारणी करून घ्या, कारण कोबा झाल्यावर ती नीट करता येत नाही.

दरवाजा पावसात अडकतो ही तक्रार तर जवळजवळ प्रत्येकाची. झडप काढून उलटी करून बघा: पुढून-मागून पॉलिश चकाकत असते आणि खालची कड कोरीच असते. पाणी तिथूनच शिरते. सहाही बाजूंना तेल किंवा रंग द्या. झडप खाली झुकत असेल तर मागची तिरपी पट्टी तपासा. तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक कडीच्या बाजूला हवे. उलटी बसवली तर झडपेचा भार बिजागरीकडे जातच नाही.

वीज: रूप जुने, वायरिंग नवे

पितळी स्विच, चिनी मातीचे होल्डर, कापडी वेष्टणाची वायर हे सगळे हौसेने लावा, पण धातूच्या प्रत्येक वस्तूला अर्थिंग हवेच. घरातल्या प्लगवरून ओढलेल्या वायरवर कॉम्प्रेसर चालवू नका. घरापासून गॅरेजपर्यंत आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल अडीच फूट खोल, वाळूत, वर विटा ठेवून न्या. गॅरेजला स्वतःचा डीबी (वीजवाटपाची पेटी), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि वेगळा अर्थिंगचा खड्डा द्या. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालत राहा. मोटर सुरू होताना एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर तो सी प्रकारचा, म्हणजे मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारा, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. नुसता मोठा एमसीबी बसवणे म्हणजे वायर जाळण्याची तयारी. दिव्यांचे सर्किट वेगळे ठेवा. करवत फिरत असताना अंधार होणे फार वाईट.

हत्यारांना गंज चढत असेल तर खाली आणि वर समोरासमोर जाळ्या ठेवून हवा खेळती करा, आणि फरशी धुवायचे ॲसिड त्या खोलीतून बाहेर काढा. त्याच्या वाफेने लोखंड पटकन गंजते.

खड्डा नकोच

जुन्या गॅरेजांत गाडीखाली उतरायला खड्डा असायचा, म्हणून घरीही तो खणण्याचा मोह होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीने पेटते. शिवाय काळ्या मातीत पावसाळ्यात त्यात पाणी भरते. चांगले जॅक, स्टँड आणि रॅम्प यांवर घरचे बहुतेक काम होते. इंजिन चालू ठेवायचे असेल तर दोन्ही झडपा सताड उघड्या हव्यात, थंडी असली तरी.

परवानगी

हे खरे तर सर्वांत आधी. मोकळ्या मार्जिनमध्ये (प्लॉटच्या कडेने सोडावयाच्या जागेत) आपली जागा म्हणून परस्पर बांधू नका. महापालिका हद्दीत 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. महापालिकेबाहेर आणि देवळाली छावणीच्या बाजूला परवानगी देणारे कार्यालय वेगळे. आपली हद्द कोणाची ते बघून आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्या, आणि त्यातच वर्कबेंच व गाडीचे उघडे दार मोजून दाखवा. अ‍ॅम्बेसेडर सव्वाचार मीटरहून लांब असते. आतून 12 फूट रुंदी आणि 20 फूट लांबी यांखाली गेलात तर गाडी मावेल, पण तिच्यावर काम करता येणार नाही.