गडचिरोलीतल्या भामरागडकडं पावसाळ्यातलं बाळंतपण: आधीच काय करून ठेवायचं

पर्लकोटा, इंद्रावती, पामुलगौतम, तिन्ही नद्या भामरागडपाशीच भेटतात, पूर आला की आजूबाजूची गावं तुटतात, त्यामुळे तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर कळांची वाट बघत बसू नका. आशाताईला आधीच विचारा, काही पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, माहेरघर असतं, तिथं तारखेच्या चार-पाच दिवस आधी जाऊन राहता येतं.

१०२ किंवा १०८ ला फोन लागतो, पण रेंज असेल तर ना! कुठल्या टेकाडावर टॉवर पकडतो ते घरातल्या पोरांना माहीत असू दे. नाल्यापलीकडून गाडी येणार नसेल तर खाट, बांबू, दोर आणि उचलायला निदान आठ जण, चार जण चिखलात लवकर दमतात हो.

पिशवीत गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड, आधार, धुतलेली जुनी लुगडी, टॉर्च, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आमच्या वहिनीचं कार्ड भिजून लगदा झालं, हिमोग्लोबिनचा आकडाच वाचता येईना.

रक्त जातंय, झटके येतायत, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर पुजाऱ्याला, म्हणजे गावातल्या झाडफूक करणाऱ्याला, बोलवायचं तर बोलवा पण खाट आधी उचला. आणि माडिया (इकडची आदिवासी बोली) आणि मराठी दोन्ही येणारी एक बाई सोबत न्याच, नर्सबाईचं बोलणं पोरीला कळायला हवं.