खानदेशच्या उन्हाळ्यात पफर मासा सांभाळताना

खानदेशात घरी मासे पाळू इच्छिणाऱ्याने टाकी विकत घेण्याआधी वैशाखाचा विचार केला पाहिजे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि ज्या खोलीत दुपारी माणसाला पंख्याखालीही बसवत नाही, त्या खोलीतल्या टाकीचे पाणी सहज ३३-३४ अंशांवर जाते. पफर म्हणजे डिवचल्यावर अंग फुगवणारा मासा, आणि त्याला २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. हिवाळ्यात आनंदाने मांडलेली टाकी चैत्र संपता संपता रिकामी झालेली मी अनेक घरांत पाहिली आहे आणि बहुतेक ठिकाणी कारण एकच होते: उष्णता, जड (क्षार जास्त असलेले) पाणी आणि साचलेली घाण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी माशावर आल्या होत्या. म्हणून पुढचे सारे विवेचन उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवूनच केले आहे.

पहिला प्रश्न मासा कोणता, हा. कोकणात ज्याला केंड म्हणतात त्याच कुळातले अनेक मासे दुकानांत नुसत्या ‘पफर’ या नावाने विकले जातात. पण त्यांच्या गरजा एकमेकांपासून फार वेगळ्या असतात. घरच्या लहान टाकीला योग्य असा एकच, तो म्हणजे पी पफर. पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम तीन सेंटिमीटरचा हा मासा मूळचा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा असून जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. सुंदरलाल होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ साली त्याचे प्रथम वर्णन केले आणि त्रावणकोरवरून त्याला शास्त्रीय नाव मिळाले. याउलट पिवळसर हिरव्या पाठीवर काळे ठिपके असलेला ग्रीन स्पॉटेड पफर हा खाडीच्या मचूळ पाण्यातला मासा आहे. तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वाढत्या वयाबरोबर त्याला अधिकाधिक खारे पाणी लागते. मी स्वतः हा मासा ‘गोड्या पाण्यातला आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर घरी आणला होता. काही महिने तो बरा दिसला, मग त्याचे पोट काळवंडले, त्याने खाणे सोडले, आणि मला खरे कारण समजेपर्यंत फार उशीर झाला होता. त्यामुळे विकत घेताना मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि त्याला मिठाचे पाणी लागते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एका पी पफरसाठी २० लिटर पाणी पुरते. परंतु खानदेशात मी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच, म्हणजे सुमारे ५४ लिटरची टाकी घ्या असेच सुचवीन, कारण जास्त पाणी सावकाश तापते आणि चुकीला थोडी सवड मिळते. ती पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये, खिडकीसमोर ठेवू नये आणि पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच ठेवू नये. घरात धाब्याची जुनी खोली असेल तर तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. काच, वाळू आणि पाणी मिळून वजन ७० किलोच्या आसपास जाते, हे लक्षात घेऊन टेबल निवडावे.

पाणी हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. गावोगावी विहिरीत किंवा जलकुंभात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात तेव्हा त्याचे प्रमाण काही वेळा इतके असते की वास घरभर येतो. हा क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. आपल्याकडे पाणी रोज येत नसल्यामुळे ते साठवण्याची सवय घरोघरी आहेच. तेच पाणी उघड्या बादलीत हवेचा पंप लावून २४ ते ४८ तास ठेवले की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची रीत आहे, परंतु तुरटीमुळे पाण्याची आम्लता बदलते, म्हणून माशांचे पाणी तुरटीविना नुसते निवळू द्यावे. बोअरचे पाणी आपल्या काळ्या खडकाच्या प्रदेशात बहुधा जड असते. पी पफर मध्यम जड पाणी सहन करतो. तरीही घागरीच्या आत पांढरा थर धरणारे पाणी असेल तर त्यात निम्मे आरओचे पाणी मिसळावे.

मासा आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे रिकामी चालवावी लागते, आणि हे नवख्यांना सर्वांत अवघड जाते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंज फिल्टरवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी आहेत, तिसरे त्यामानाने सौम्य. हे जिवाणू वाढावेत म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि थेंबांच्या तपासणी संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागेपर्यंत थांबावे. जड पाण्याच्या आणि उन्हाच्या मुलखात हे थांबणे अधिकच गरजेचे ठरते, कारण अमोनियाचा विषारी अंश पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) आणि तापमान यांच्याबरोबर वाढतो. पीएच ७ आणि २५ अंशांना तो एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांवर जातो आणि पाणी ३० अंशांचे झाले की सात टक्क्यांच्या पुढे. मार्गशीर्षात माशाने सोसलेली तेवढीच घाण मे महिन्यात त्याचा जीव घेते, ती अशी. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

आता उष्णतेविषयी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सात मिलिग्रॅमच्याही खाली. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप अहोरात्र चालू ठेवावा. पाणी थंड ठेवण्याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे टाकीचे झाकण काढून वर बारीक जाळी बसवणे आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा पडेल असा लहान पंखा लावणे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीतले पाणीही दोन ते चार अंशांनी उतरते, आणि आपली हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय मुंबईपेक्षा जळगावात जास्त लागू पडतो. खोलीत कूलर चालू असेल तर खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग कमी होतो. टाकीत बर्फ टाकू नये. फारच गरज पडली तर पाणी गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी आणि तासाला दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये.

या पंख्याची एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. त्याच्यामुळे दिवसाला एक-दीड लिटर पाणी उडते. उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरच्या पाण्याने भर घालत राहिले तर ५४ लिटरच्या टाकीत महिन्याभरात तीस ते पंचेचाळीस लिटर पाण्याचे क्षार जास्तीचे जमा होतात. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी आणि साठवलेले नेहमीचे पाणी फक्त आठवड्याच्या बदलासाठी वापरावे. वीज गेल्यावर उपयोगी पडणारा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. हा पंप पंखा किंवा दिवा यांच्याआधी विकत घ्यावा. थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा लिटरमागे एक वॉट या हिशेबाने हीटर पुरतो.

पफर कोरडे खाद्य सहसा खात नाही. त्याच्या तोंडात चार दात जुळून चोचीसारखे झालेले असतात आणि ते जन्मभर वाढत राहतात. शंख फोडल्याने ते झिजतात, म्हणून लहान मऊ कवचाच्या गोगलगायी त्याला नियमित द्याव्यात. या गोगलगायी वेगळ्या बरणीत सहज वाढतात. शेताकडेच्या पाटातून त्या आणू नयेत. कापूस आणि केळीवरच्या फवारण्यांचा अंश त्यांच्यातून टाकीत येऊ शकतो. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायीचे कवच फार कठीण असल्याने तीही टाळावी. एरवी गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या), डॅफ्निया (पाणपिसवा) आणि डासांच्या अळ्या त्याला अतिशय आवडतात. कूलरच्या टाकीत अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळणीने गाळून, साध्या पाण्यात धुऊन घालाव्यात आणि कूलर त्याच दिवशी रिकामा करून घासावा. माशाच्या खाद्यासाठी घरात डास वाढू देणे मात्र योग्य नाही, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो.

हा मासा दिसायला भाबडा असला तरी आपल्या जागेबद्दल फार भांडखोर आहे. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात आणि वनस्पती इतक्या दाट लावाव्यात की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसणार नाही. गप्पी, फायटर किंवा झिंगे त्याच्यासोबत ठेवू नयेत. तो त्यांचे पर कुरतडतो आणि झिंगे खाऊनच टाकतो. बाजारातले बरेच पी पफर नदीतून पकडलेले असतात आणि त्यांच्या आतड्यात जंत असतात. मासा खातो आहे आणि तरीही पोट आत ओढलेले आहे, हे त्याचे लक्षण. प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा आणि जंताचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. पफरच्या अंगावर खवले नसल्याने तांबेयुक्त औषधे त्याला फार बाधतात. त्याला फुगलेला पाहण्यासाठी कधीही डिवचू नये. आणि हलवताना जाळीऐवजी पेल्यातून पाण्यासकट उचलावा, कारण हवेत काढल्यावर त्याने हवा गिळली तर ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते.

डास मारण्याचे फवारे, अगरबत्ती आणि वडीतली पायरेथ्रॉइड प्रकारची कीटकनाशके माणसाला फारसे जाणवत नाहीत, पण माशांसाठी अतिशय विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. मासे असलेल्या खोलीत मच्छरदाणी लावावी. शेतात फवारणी करून आलेल्याने साबणाने हात धुतल्यावरही त्या दिवशी टाकीत हात घालू नये.

पाळणे जमेनासे झाले तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत. तापी, गिरणा किंवा वाघूरच्या पाण्यात ते सोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर रोगही जातात आणि तिथल्या मूळच्या माशांना त्यांची सवय नसते. त्याच नद्यांतले कासव हौसेने घरी आणणेही चुकीचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपली देशी कासवे संरक्षित आहेत आणि ती बाळगणे गुन्हा ठरतो. चुकून एखादे आणले गेले असेल तर ते वनविभागाच्या स्वाधीन करावे.