शाळेच्या भिंतीवर शरीररचनेचे चित्र काढताना

वऱ्हाडातल्या गावशाळांच्या भिंतींवर मानवी शरीराचे चित्र पुष्कळदा दिसते. मात्र अवयवांवर आकडे आणि नावांची यादी खाली कोपऱ्यात, अशा मांडणीमुळे मुलांची नजर सारखी खालीवर फिरते आणि अवयव लक्षात राहत नाही. म्हणून रंग आणण्यापूर्वी नावे कुठे लिहायची, हे ठरवावे.

शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस याच्या १५४३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापलेल्या ग्रंथातील चित्रे अप्रतिम होती, पण अवयवांवर बारीक अक्षरे आणि त्यांचा खुलासा निराळ्या सूचीत होता. याउलट १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या हेन्री ग्रे यांच्या शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकासाठी हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी चित्रे काढली, तेव्हा नावे थेट अवयवांवरच लिहिली. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि पुढे त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवला. आपणही त्यांचीच रीत धरावी, आणि पुस्तकी नावाखाली बोलीतले नाव लिहावे: यकृताखाली कलेजी, मूत्रपिंडाखाली गुर्दा. ‘काळीज’ हा शब्द हृदयाखालीच लिहावा, कारण मटणाच्या दुकानातल्या कलेजीमुळे मुलांचा या दोन अवयवांत हमखास घोटाळा होतो.

पोळ्याच्या सुमारास लागणारी झड पोहोचणार नाही अशी व्हरांड्यातली भिंत निवडावी. प्रमाण साधण्यासाठी चौकटींची पद्धत उत्तम. नेदरलँड्समधील लायडन येथील शरीररचनेचे अभ्यासक अल्बिनस यांच्या १७४७ सालच्या ग्रंथासाठी चित्रकार वांडेलार यांनी सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या जाळ्या टांगून तो चौकटी-चौकटीने उतरवला होता. पुस्तकातले चित्र २० सेंटिमीटर उंच असेल तर त्यावर २ सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात. भिंतीवर गेरू लावलेली दोरी ताणून १५ सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या की आकृती १५० सेंटिमीटरची, म्हणजे मुलांच्या उंचीच्या जवळपास होते.

आकृती समोर तोंड करून उभी असल्याने तिची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. म्हणून यकृताचा मोठा भाग पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला काढावा. ही चूक फार वेळा होते, आणि रंग वाळल्यावर ती दुरुस्त करणे कठीण जाते. रोहिण्या लाल आणि नीला निळ्या रंगवाव्यात, परंतु हृदयाकडून फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणारी रोहिणी निळीच ठेवावी, आणि नीलांमधले रक्त प्रत्यक्षात निळे नसून गडद लाल असते, हे चित्राशेजारी ठळक लिहावे.