शाळेकडे तक्रार घेऊन जाण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम मुलाचे वय आणि शाळेचा प्रकार पाहावा, कारण बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू होत नाही. जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत फी घेता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेत ही सवलत 25 टक्के राखीव जागांवरील मुलांना मिळते. मात्र देणगी मागण्यास आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यास कलम 13 ने तेथेही बंदी आहे.

कागदपत्रे जमवावीत, पण एखादा कागद नाही म्हणून घरी बसू नये. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला हे कारण चालत नाही आणि सत्र सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही शाळेत घ्यावे लागते. बीडहून ऊसतोडीसाठी कारखान्यावर आलेल्या कुटुंबांसाठी ही कलमे, म्हणजे 14, 5 आणि 15, फार मोलाची आहेत, म्हणून ती एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावीत.

तक्रार शिक्षेची असेल, तर सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, त्यामुळे केवळ छडीच नव्हे, तर वर्गासमोर जातीवरून किंवा गरिबीवरून केलेला अपमानही तक्रारीत लिहावा. मुलाची उलटतपासणी घेऊ नये. त्याचे एकदा शांतपणे ऐकावे आणि तारीख, तास व घडलेला प्रकार त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावा. अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी फोटो काढावेत आणि सरकारी दवाखान्यातून केसपेपर घ्यावा. तक्रार केली तर मुलाचे नाव काढू, या धमकीला घाबरून अनेक पालक गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीत फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते, परंतु प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचे, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रतींत लिहावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. पोच देण्यास नकार मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा त्यांतील एखाद्याला आधी भेटून सोबत न्यावे. शाळेने दाद दिली नाही, तर कलम 32 खाली जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करावी; तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, ज्यासाठी पोच असलेली प्रत, पावती आणि केसपेपर एकाच फायलीत लावून ठेवावेत.