या चुका टाळा : ओट्याला चटका, कपाटाला वाफ

गेल्या गणपतीत आम्ही विजेचं मोदकपात्र ओट्यावर, वरच्या कपाटाच्या अगदी खाली मांडलं. सकाळपासून पाच वेळा मोदक उकडले. विसर्जन होईतो कपाटाच्या खालच्या कडेची सनमायका पापुद्र्यासारखी सुटली होती. काळ्या ग्रॅनाइटला मात्र काही झालं नव्हतं. ओटा जपण्याच्या नादात आपण वर बघतच नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात प्लायवूड आधीच दमट असतं. त्यात इलेक्ट्रिक किटली, राइस कुकर, प्रेशर कुकरची शिटी यांची वाफ रोज एकाच जागी लागली, की कडपट्टीचा गोंद सैल होतो आणि पाणी आत शिरतं. म्हणून वापरताना उपकरण पुढे ओढून घ्या. वाफेचं तोंड कपाटाच्या कडेबाहेर आलं की पुरे. वायर मात्र ओट्यावरून लोंबकळू देऊ नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. काम झालं की कपाटाचा तळ कोरड्या फडक्याने पुसा.

कड सुटलीच तर लगेच गोंद लावायची घाई नको. ओल आत कोंडली जाते आणि महिन्याभरात पट्टी पुन्हा सुटते. आधी दोन-तीन दिवस पंख्याचा वारा द्या, मग सुताराला बोलवा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा चुरा-भुसा दाबून केलेल्या फळ्या) एकदा फुगलं, की पुन्हा बसत नाही. तो भाग बदलायचाच. नवीन करताना आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, मागा.

आता ओटा. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ दुकानात सारखेच चकचकतात, पण क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या डिंकात, बांधलेला. साधारण 150 अंशांच्या पुढे ते रेझिन पिवळं पडू शकतं, आणि पुऱ्या तळतानाचं तेल 180 च्या आसपास असतं. म्हणजे गॅसवरून उतरलेली कढई थेट क्वार्ट्झवर ठेवायची नाही. आजीच्या काळातली अडणी किंवा चुंबळ काढा, सिलिकॉनची चटईही चालेल. पिवळा डाग पडलाच तर काथ्याने घासू नका: डाग जात नाही, पॉलिश तेवढं जातं. ग्रॅनाइट उष्णता बरीच सोसतो, पण शेगडी बसवायला जिथे कापलेला असतो तिथली अरुंद पट्टी नाजूक असते. तापलेल्या पट्टीवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.

इंडक्शनखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचं टेबलक्लॉथ अंथरणं ही घरोघरची चूक. त्याचा पंखा सहसा खालून हवा ओढतो. जाळी झाकली गेली की शेगडी तापून आपोआप बंद पडते, आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं! आधी खालचं अंथरूण काढा, जाळीतली धूळ झटका, मग दुरुस्तीवाल्याला फोन करा.

ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आणि एअर फ्रायर मागून, बाजूंनी गरम हवा सोडतात. भिंतीपासून किमान 10 सेंटीमीटर अंतर ठेवा, पुस्तिकेत जास्त लिहिलं असेल तर तितकं. वन रूम किचनमध्ये तेवढी जागा कुठली, हे मलाही ठाऊक आहे. आम्ही मिक्सर उचलून खाली कपाटात ठेवला.