डावखुरा फलंदाज आणि माझं घाईचं बोट

राज्य क्रिकेट संघटनेच्या अंपायरिंग परीक्षेला बसताय, म्हणजे खेळाचे 42 नियम तुम्ही वाचले असणारच. ते इथे उगाळत नाही.

परीक्षेला मात्र हलकं घेऊ नका. 2022 साली बीसीसीआयने महिला आणि ज्युनिअर सामन्यांच्या पंचांसाठी परीक्षा घेतली. बसले 140, पास झाले 3. खेळपट्टीवर सावली पडतेय अशी फलंदाजाने तक्रार केली तर काय कराल, असले प्रश्न. (झाडाची किंवा पॅव्हेलियनची असेल तर सोडून द्या, क्षेत्ररक्षकाची असेल तर त्याला हलू नको म्हणा.) पाठांतरवाले तिथेच गळतात. मीही पाठांतरवालाच होतो. लेखीला मार्क बरे पडले आणि डोक्यात हवा गेली.

ती आझाद मैदानावर उतरली. तिथे शेजारच्या सामन्याचा फाइन लेगचा क्षेत्ररक्षक तुमच्या कव्हरच्या क्षेत्ररक्षकाला खेटून उभा असतो आणि त्यांचं अपील आपलंच वाटतं. माझा चौथा की पाचवा सामना. उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज, ओव्हर द विकेट (म्हणजे चेंडू टाकणारा हात स्टंपच्या बाजूला), समोर डावखुरा. चेंडू पॅडवर आदळला, थेट मिडल स्टंपसमोर. सगळे एका सुरात ओरडले आणि माझं बोट वर गेलं.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. पायचीत देताना प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे: नो-बॉल होता का? टप्पा लेग स्टंपच्या (फलंदाजाच्या पायांकडच्या स्टंपच्या) बाहेर होता का? आधी बॅट लागली का? पॅडला कुठे लागला? आणि सगळ्यात शेवटी, स्टंपवर गेला असता का? मी शेवटचा प्रश्न आधी सोडवला. ओव्हर द विकेट येणारा उजवा गोलंदाज डावखुऱ्याला चेंडू लेगकडूनच आत आणतो. तो स्टंपवर जाणार असेल तर बहुतेक वेळा टप्पा लेगच्या बाहेर पडलेला असतो. तिथेच विषय संपला. पुढे तो तिन्ही स्टंप उखडणार असला तरी नाबाद. माझे डोळे नो-बॉलसाठी क्रीजवर खिळले होते, वर यायला उशीर झाला, टप्पा मी पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीवर बोट वर केलं.

आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. निर्णय तत्काळ बदलायची नियमात मुभा आहे. मी बदलला नाही. लाज वाटली, दुसरं काय! पोरगा काही न बोलता चालता झाला. अजून टोचतं.

उपाय साधा आहे. चेंडू डेड झाला, म्हणजे खेळ थांबला, की मनात ‘एक, दोन’ म्हणा, मग उत्तर द्या. अपील करणाऱ्यांना घाई असते, तुम्हाला नसावी. स्क्वेअर लेगला, म्हणजे बाजूला दुसऱ्या पंचाच्या जागी, असताना चकाट्या पिटू नका. जोडीदार पंच मान कधी उचलतो, त्याची नजर कधी वर येते ते बघा. माझी घाईची सवय सुटायला एक अख्खा सीझन गेला. तुमचीही सुटेल, चुका सगळ्यांच्याच होतात.

‘संशयाचा फायदा फलंदाजाला’ हे वाक्य सीनिअर लोक तोंडावर फेकतात. मला ते नियमांत कुठे सापडलेलं नाही. दिसलं नसेल तर नाबाद, एवढंच. असली सुभाषितं ऐकवणाऱ्यापेक्षा तुमच्या चार ओव्हर गप्प उभा राहून बघणारा माणूस शोधा. चहा त्यालाच पाजा. यूट्यूबवर स्लो मोशन बघून डोळा तयार होत नाही, उलट बिघडतो, कारण मैदानात चेंडू एकदाच येतो.

नोकरी सोडू नका. पिलू रिपोर्टर वीज मंडळात होते आणि 1986 साली लाहोरला व्ही. के. रामस्वामींबरोबर तटस्थ (खेळणाऱ्या दोन्ही देशांबाहेरचे) पंच म्हणून उभे राहिले. मी अजून शनिवार-रविवारवालाच आहे. बूट मात्र चांगले घ्या. दिवसभर उभं राहून आधी टाचा बोलतात, मग कंबर.